छडी गेली, पुढे काय?

१४ नोव्हेंबर २०२५. देशभर बालदिन साजरा होत असताना वसई पूर्वेतील एका शाळेत सहावीत शिकणाऱ्या मुलीचा मुंबईच्या रुग्णालयात मृत्यू झाला. काही दिवसांपूर्वी शाळेत उशिरा पोहोचल्याबद्दल तिला शंभर उठाबशा काढण्याची शिक्षा झाली होती, पाठीवरचे दप्तरही उतरवू दिले गेले नव्हते आणि त्यानंतर तिची प्रकृती ढासळत गेली, असे तिच्या कुटुंबीयांचे म्हणणे आहे. संबंधित शिक्षिकेवर गुन्हा नोंदवला गेला, अटक झाली. मृत्यूचे कारण कोणते आणि दोष कोणाचा, हे ठरवण्याचे काम न्यायालयाचे आहे. वर्तमानपत्राने ते आपल्याकडे घेऊ नये. तथापि एक गोष्ट निकालाची वाट न पाहता बोलता येते. उशिरा येणाऱ्या मुलाला किती उठाबशा, किती वेळ वर्गाबाहेर, किती पाने लेखन, याचा हिशेब अनेक शाळांत पक्का ठरलेला असतो. मुलाला उशीर का झाला, हा प्रश्न त्या हिशेबात कोठेच बसत नाही.

या घटनेनंतर जे व्हायचे ते झाले. संताप उसळला, शाळेवर आणि शिक्षण खात्यावर टीका झाली, कठोर कारवाईची मागणी झाली. हा संताप खोटा होता असे कोणी म्हणणार नाही. पण शाळेतील शिक्षेने एखादे मूल दगावले किंवा जायबंदी झाले की आठ-पंधरा दिवस चालणारा हा क्रम महाराष्ट्राला आता पाठ झाला आहे. तो संपतो तेव्हा एक शिक्षक कोठडीत असतो, आणि बाकीच्या शाळांत घंटा वाजल्यावर फाटकाशी तीच रांग उभी असते.

कायदा नाही म्हणून हे घडते, असे म्हणण्याची सोय नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २००० मध्येच तेथील शाळांच्या नियमांतील शारीरिक शिक्षेची तरतूद रद्द ठरवली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने देशभर शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी केली. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने पुढे या विषयावर सविस्तर मार्गदर्शक सूचनाही काढल्या. त्याच आयोगाने २००९-१० मध्ये सात राज्यांतील ६,६३२ विद्यार्थ्यांना विचारले होते, तेव्हा आपल्याला कोणतीच शिक्षा झाली नाही असे सांगणारी मुले निघाली अवघी नऊ. बंदी आणि वास्तव यांच्यामधले हे अंतर केवळ पोलिसांच्या जोरावर भरून निघेल, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी एखाद्या शाळेच्या शिक्षकखोलीत तासभर बसून पाहावे.

तेथे जे ऐकू येते ते निव्वळ क्रौर्य नसते. हात उगारायचा नाही, हे शिक्षकाला सांगितले गेले. मुलाला शाळेतून काढून टाकायचे नाही, हेही कायद्याने सांगितले, आणि ते योग्यच आहे. मग पन्नास-साठ मुलांच्या वर्गात एकाने दुसऱ्याचा डबा फेकला, एकाने बाईंची नक्कल केली, चौघे रोज उशिरा आले, तर करायचे काय, याचे उत्तर मात्र त्याला कोणी दिले नाही. परिपत्रक येते, त्याखाली सही होते, ते फाइलीत जाते. 'मारा, पण शहाणा करा' असे सांगणारे पालक अजून आहेत आणि आपल्या मुलाला कोणी हात लावला म्हणून शाळेवर चालून जाणारेही तेच आहेत. छडी गेली, तिची जागा उठाबशांनी, अंगठे धरून उभे राहण्याने, वर्गासमोर केलेल्या टवाळीने घेतली. हत्यार बदलले, रीत तीच राहिली.

वसई-विरारच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. चार नगरपालिका आणि भोवतालची गावे एकत्र करून २००९ मध्ये येथे महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेतच लोकसंख्या बारा लाखांच्या पुढे गेली होती; त्यानंतर नालासोपारा आणि विरारच्या पूर्वेला चाळींवर चाळी आणि इमारतींवर इमारती उभ्या राहिल्या. माणसे आली त्या वेगाने शाळा आल्या नाहीत. महापालिका झाल्यावरही कितीतरी वर्षे प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेकडेच राहिल्या. उरलेली गरज खासगी शाळांनी भागवली. त्यांतल्या काही गाळ्यांत भरतात, काही दोन पाळ्यांत, आणि अनधिकृत शाळांची यादी दरवर्षी प्रसिद्ध होते. अशा शहरात मुलाला उशीर होण्याची कारणे त्याच्या आळसात शोधणे म्हणजे डोळे मिटून घेणेच होय. वडील पहाटेची लोकल पकडून अंधेरीला किंवा चर्चगेटला गेलेले असतात. आई कामावर निघण्यापूर्वी पाण्यासाठी रांगेत उभी असते. धाकट्या भावाला तयार करून पोहोचवण्याचे काम सहावीतल्या बहिणीकडे असते. शेअर रिक्षा भरल्याशिवाय सुटत नाही. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असे राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ठरवले, कारण लहान मुलांची झोप पुरी होत नाही. जणू चौथीची परीक्षा संपली की मुलांची झोपेची गरजही संपते! पाचवी-सहावीच्या सकाळच्या पाळीतील मूल त्या निर्णयाच्या बाहेरच राहिले.

येथे एक विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. बाल न्याय कायदा, २०१५ चे अठरावे कलम पाहावे. एखाद्या मुलाने गुन्हा केला, अगदी चोरी किंवा मारामारी केली, तरी बाल न्याय मंडळ त्याला समज देऊन घरी पाठवू शकते, समुपदेशनाला पाठवू शकते, समाजसेवेचे काम देऊ शकते. म्हणजे कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलाशी कसे वागावे, याचा विचार देशाने केला आहे. दहा मिनिटे उशिरा आलेल्या मुलाच्या वाट्याला मात्र तो विचार येत नाही.

या विचाराला जगात 'रिस्टोरेटिव्ह जस्टिस' या नावाने ओळखतात. मराठीत त्याला सांधणारा न्याय म्हणता येईल. १९७४ मध्ये कॅनडातील एल्मायरा या लहानशा गावात दोन तरुणांनी एका रात्रीत बावीस ठिकाणी मोडतोड केली. त्यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्याने न्यायाधीशांपुढे एक वेगळीच कल्पना मांडली आणि न्यायाधीशांनी ती मान्य केली. दोघांनी नुकसान झालेल्या घरांचे दरवाजे स्वतः ठोठावले, लोकांचे ऐकून घेतले आणि पुढील काही महिन्यांत भरपाई केली. न्यूझीलंडने १९८९ मध्ये माओरी समाजाच्या रीतीवरून धडा घेऊन मुलांच्या गुन्ह्यांसाठी कुटुंबांच्या बैठकीची पद्धत कायद्यात आणली. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात १९९४ मध्ये ही पद्धत शाळेत शिरली. या सर्वांमागील सूत्र साधे आहे. नियम कोणता मोडला आणि त्याला शिक्षा किती, एवढ्यावर न थांबता नुकसान कोणाचे झाले, ते भरून कसे निघेल आणि ते कोणी भरून काढायचे, हे संबंधितांनी समोरासमोर बसून ठरवायचे.

हे सारे परदेशी आणि पुस्तकी वाटेल. म्हणून एक उदाहरण कल्पून पाहावे. समजा, नालासोपाऱ्याच्या एखाद्या शाळेत आठवीतील तीन मुलांनी उत्तरेकडून आलेल्या एका मुलाला त्याच्या बोलीवरून चिडवून हैराण केले आणि शेवटी त्याची वही गटारात टाकली. नेहमीच्या रीतीप्रमाणे तिघांना वर्गाबाहेर उभे केले जाईल. तिघे बाहेर उभे राहून हसतील, सुट्टीत त्या मुलाला 'चुगलीखोर' म्हणून दुसऱ्यांदा गाठतील आणि आपण आपला हिशेब चुकता केला असे समजतील. वही गेली ती गेलीच. सांधणाऱ्या पद्धतीत शिक्षक आधी चौघांशी वेगवेगळे बोलतो. पीडित मुलाची तयारी असेल तरच सर्वांना एकत्र बसवतो. काय झाले, हे प्रत्येक जण सांगतो. वही गेल्यामुळे कोणता अभ्यास गेला, घरी काय सांगावे लागले, शाळेत येण्याची भीती कशी वाटू लागली, हे तिघांना ऐकावे लागते; आणि ऐकण्याचे हे काम उठाबशांपेक्षा कितीतरी जड असते. मग वही कोण आणि कधीपर्यंत लिहून देणार, चिडवणे थांबले की नाही हे आठ दिवसांनी कोण पाहणार, हे ठरते. यात मुलांना सूट मिळते असे म्हणणाऱ्यांनी नीट विचार करावा. शिक्षा सोसून मोकळे होणे सोपे असते. ज्याला दुखावले त्याच्या नजरेला नजर देऊन बोलणे सोपे नसते.

महात्मा गांधींच्या आत्मकथेत टॉल्स्टॉय आश्रमातला एक प्रसंग आहे. एका दांडगट मुलाच्या हातावर त्यांनी रूळ मारला, आणि मारताना ते स्वतःच थरथरले. मुलगा रडला तो माराने नव्हे, तर मारणाऱ्याला झालेले दुःख पाहून, असे गांधीजींना वाटले. पुढे त्यांनी मुलांना मारणे सोडले. आश्रमातील दोघांच्या हातून नैतिक चूक घडली तेव्हा स्वतः सात दिवस उपवास केला. प्रत्येक शिक्षकाने उपास करावा असे कोणी सुचवणार नाही. पण मुलाच्या चुकीत शाळेचाही काही वाटा असू शकतो, ही गोष्ट या देशात नव्याने सांगावी लागू नये.

पालघर जिल्ह्यात तर ती मुळीच लागू नये. वसईहून पश्चिम रेल्वेच्या त्याच रुळांवर उत्तरेला गेले की डहाणू तालुक्यातील बोर्डी आणि कोसबाड लागतात. गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला काम केलेल्या आणि त्यांच्यासह १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा करणाऱ्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले. शिक्षा नको आणि बक्षिसाचे आमिषही नको, हा गिजुभाईंचा पाठ दोघींनी आदिवासी वस्तीत जगून दाखवला. बालवाडीत मुले येईनात, तेव्हा त्यांनी हजेरीचा दंड बसवला नाही; बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशाला मिळाला. मोठी मुले गुरे चारायला जातात म्हणून शाळेत दिसत नाहीत, हे कळल्यावर शाळा कुरणात भरू लागली. मुली धाकट्या भावंडांना सांभाळतात म्हणून घरी अडकतात, हे ध्यानात आल्यावर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. मूल वेळेवर का येत नाही, हा प्रश्न विचारून त्याच्या उत्तराप्रमाणे शाळा बदलण्याचे धाडस याच जिल्ह्यात सत्तर वर्षांपूर्वी झाले. त्यांच्या नावाचे गौरव करणाऱ्या शासनाला आणि संस्थाचालकांना त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र पेलला नाही.

आता ही पद्धत खरोखर चालते काय, असे कोणी विचारले तर प्रामाणिक उत्तर संमिश्र आहे. इंग्लंडच्या आग्नेय भागातील चाळीस माध्यमिक शाळांत झालेल्या आणि २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मुलांमधील छळवणूक थोडी, पण निश्चित कमी झाली. आक्रमक वर्तनात मात्र लक्षणीय फरक दिसला नाही. अमेरिकेत पिट्सबर्ग येथे चव्वेचाळीस शाळांत २०१५ ते २०१७ या काळात झालेल्या अभ्यासात मुलांना शाळेतून तात्पुरते काढण्याचे प्रमाण घटले, शाळेतील वातावरण सुधारल्याचे शिक्षकांनी सांगितले; पण सहावी ते आठवीच्या मुलांच्या अभ्यासातील गुण घसरले. जे लोक ही पद्धत जादूची कांडी म्हणून विकू पाहतात त्यांनी हा दुसरा निष्कर्ष झाकून ठेवू नये. वर्गात गोलाकार बसून बोलण्याला वेळ लागतो. तो वेळ कोठून तरी काढावा लागतो. आणि तो गणिताच्या तासातून काढला तर गणिताचे नुकसान होणारच. म्हणून ही पद्धत फुकटात, आहे त्याच माणसांवर आणखी एक ओझे टाकून आणता येईल असे मानणे ही फसवणूक ठरेल.

याहून मोठा धोका आपल्या समाजाच्या घडणीत आहे. समेट, सामोपचार, आपसांत मिटवणे हे शब्द मराठी माणसाला परके नाहीत. पण त्यांचा इतिहास स्वच्छही नाही. जातपंचायतीही समोरासमोरच बसत होत्या, आणि तेथे माफी कोणाला मागावी लागे, वाळीत कोणाला टाकले जाई, हे सर्वांना ठाऊक आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला तो उगाच नव्हे. शाळेतील बैठकीत संस्थाचालकांच्या नात्यातला मुलगा एका बाजूला आणि विटभट्टीवरच्या मजुराची मुलगी दुसऱ्या बाजूला असेल, तर 'दोघांनीही सोडून द्या' याचा अर्थ मुलीने सोडून द्यावे असाच होतो. जबरदस्तीने वदवलेली माफी ही उठाबशीचीच सुधारित आवृत्ती होय.

काही गोष्टी तर या बैठकीत येताच कामा नयेत. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुकल्यांवर झालेल्या अत्याचाराची बाब उघड झाली, तेव्हा तक्रार दाबण्याच्या आणि दिरंगाईच्या आरोपांनी सारे शहर रेल्वे रुळांवर उतरले होते. मुलांच्या लैंगिक शोषणाची माहिती पोलिसांना देणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. तेथे सांधण्याची भाषा वापरणे हा गुन्ह्यात सहभागच ठरेल. शिक्षकाने मुलाला इजा केली असेल तेव्हाही शाळेने स्वतःच मध्यस्थ होऊन बसणे गैर आहे. सांधणारा न्याय कायद्याच्या जागी येऊन बसण्यासाठी नाही; कायद्यापर्यंत जाण्याची गरजच नसलेल्या रोजच्या शेकडो कुरबुरींसाठी तो आहे. गाव आणि शाळा यांच्या बाबतीत सरकारची आणखी एक सवय सांगून ठेवावी लागेल. २००७ पासून राज्यात तंटामुक्त गाव मोहीम चालली. कल्पना उत्तम होती. पण अशा कामाला गुण, तक्ते आणि बक्षिसे चिकटली की तंटे आधी कागदावर मिटतात. उद्या 'शिक्षामुक्त शाळा' अशी स्पर्धा जाहीर झाली, तर पारितोषिकाच्या दिवशी फलक झळकतील आणि मुलांनी बोलायचे काय, हे आदल्या दिवशी पाठ करून घेतले जाईल.

वसई-विरारमध्ये सुरुवात करायची तर ती उशिरापासूनच करावी. हा अपराध सर्वांत किरकोळ आहे, रोज घडतो, आणि त्याच्या शिक्षेवरून या शहराला जो आघात बसला तो अजून ताजा आहे. हजेरीपटात उशिराची खूण करण्याची सोय असते, कारणासाठी रकाना नसतो; तो घालायला शासनाच्या तिजोरीतून पैसा लागत नाही. महिनाभर ती कारणे लिहून काढली तर कोणत्या वस्तीतील मुले कोणत्या दिवशी मागे राहतात, कोणाच्या रिक्षेचा प्रश्न आहे, कोणाच्या घरी धाकटे भावंड आहे, हे मुख्याध्यापकाच्या टेबलावर येईल. त्यांतील काही प्रश्न शाळेला सोडवता येतील, काही पालकसभेला, आणि काही थेट महापालिकेच्या पाणीखात्याकडे धाडावे लागतील. वारंवार उशीर करणाऱ्या मुलालाही मोकळे सोडण्याचे कारण नाही. वर्गाचा जो वेळ त्याच्यामुळे गेला तो त्याने वर्गासाठी काहीतरी करून परत द्यावा, पण ते काय, हे त्याच्याशी बोलून ठरावे.

त्यासाठी माणूस लागेल. पालघर जिल्हा परिषदेने आणि शिक्षण खात्याने काही शाळांचा गट करून त्यामागे एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा. प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना हे काम शिकवावे आणि त्यांच्या आठवड्याच्या तासांतून दोन तास त्यासाठी अधिकृतपणे मोकळे करावेत. निवडणूक, जनगणना आणि आपत्ती या कामांना शिक्षक काढून देणे कायद्याने शक्य होते, तर मुलांचे ऐकण्यासाठी दोन तास शक्य होऊ नयेत, असे नाही. २०२२ पासून शाळांत सखी सावित्री समित्या स्थापण्याचा आदेश आहे; त्या अनेक ठिकाणी फलकावरच आहेत, त्यांना याच कामाला लावता येईल. खासगी शाळांच्या मान्यतेच्या तपासणीत इमारतीच्या खोल्या मोजल्या जातात. तेथे मुलांच्या तक्रारी कोण ऐकतो आणि गेल्या वर्षी किती ऐकल्या, हेही विचारले जावे. अनधिकृत शाळांना हे विचारण्याचा प्रश्नच येत नाही. त्या बंद होऊन त्यांतील मुले कोठे बसणार, याचे उत्तर आधी प्रशासनाने द्यायचे आहे, आणि ते पुढील जूनच्या आत मिळाले पाहिजे.